५३ बायका, दोन तास: अररियाच्या नसबंदी शिबिराचं प्रकरण

७ जानेवारी २०१२ च्या रात्री बिहारमधल्या अररिया जिल्ह्यात, कुर्साकांटा गटातल्या कपरफोरा गावच्या सरकारी शाळेत नसबंदीचं शिबिर भरलं. रात्री आठ ते दहा या दोन तासांत एकाच सर्जनने ५३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या. ऑपरेशन टेबलाच्या जागी शाळेतली बाकं होती आणि उजेडासाठी टॉर्च. वाहतं पाणी नव्हतं, हत्यारं निर्जंतुक करायची सोय नव्हती, हाताखाली प्रशिक्षित माणसं नव्हती. शिबिर भरवलं होतं एका खासगी संस्थेने, सरकारी यंत्रणेच्या परवानगीने. बायका बहुतेक दारिद्र्यरेषेखालच्या, दलित आणि इतर मागास जातींतल्या. त्यांच्यातली एक तीन महिन्यांची गरोदर होती. तिचा गर्भ पडला.

भागाकार केला तर एका बाईच्या वाट्याला सव्वादोन मिनिटं येतात. तिला बाकावर झोपवणं, पोट उघडणं, नळ्या बांधणं, टाके घालणं आणि पुढचीला बोलावणं, सगळं त्यात आलं.

अररियातल्याच आरोग्य कार्यकर्त्या देविका बिस्वास यांनी या शिबिराबद्दल सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०१२ ची ९५ क्रमांकाची ही याचिका निकाली निघाली १४ सप्टेंबर २०१६ रोजी. न्या. मदन लोकूर आणि न्या. उदय लळित यांचं ते निकालपत्र कुटुंब नियोजनाच्या राष्ट्रीय धोरणावरचं बहुधा सगळ्यात सविस्तर न्यायालयीन भाष्य आहे. तरी आपल्याकडे ते वकील आणि काही आरोग्य संघटना सोडल्या तर फारसं कुणी वाचलेलं दिसत नाही.

या प्रकरणाची चर्चा निघाली की बाकं आणि टॉर्च यांपाशीच अडकते. ते साहजिक आहे, चित्रच तसं आहे. पण मला त्या रात्रीतली सगळ्यात मोठी चूक वेगळी वाटते. त्या बायकांना आपल्या शरीरावर काय होणार आहे, ते कायमचं आहे, त्याऐवजी दुसरं काय करता येतं, यातलं काहीही कुणी बसून सांगितलेलं नव्हतं. शस्त्रक्रियेआधीचं समुपदेशन झालंच नाही, हा याचिकेतला एक मुख्य आक्षेप होता. शाळेऐवजी चकचकीत दवाखाना असता तरी ही चूक तशीच राहिली असती.

गरोदर बाईला नसबंदी

त्या एका बाईचं उदाहरण घेऊ, कारण सगळं प्रकरण तिच्यात दिसतं.

स्त्रीनसबंदी करण्याआधी बाई गरोदर नाही याची खात्री करायची असते. त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. पाळी कधी आली होती हे विचारायचं, शंका असेल तर लघवीची तपासणी करायची. ती पट्टी गावपातळीवरच्या आशाताईकडेही असते आणि निकाल काही मिनिटांत कळतो. म्हणजे प्रश्न साधनांचा नव्हता. कुणीतरी त्या बाईशी पाच मिनिटं बोलणं एवढंच हवं होतं, आणि तेच झालं नाही. माहिती देणं आणि माहिती घेणं ही एकाच संभाषणाची दोन टोकं आहेत. तो संवाद वगळला की बाईला पर्याय कळत नाहीत आणि डॉक्टरला बाईची अवस्था कळत नाही. समुपदेशन हा शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेचाच भाग आहे. ते वरून लावलेली शोभा आहे अशी समजूत आरोग्य खात्यात खूप मुरलेली आहे, आणि ती इथे उघडी पडते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. अशा शिबिरांना येणाऱ्या कितीतरी बायकांना खरोखरच आणखी मूल नको असतं. त्या स्वतःहून येतात, घरच्यांचा विरोध पत्करूनही येतात. त्यामुळे ‘सक्ती’ हा एकच शब्द वापरून हे प्रकरण संपत नाही. मूल नको हा निर्णय बाईचा असू शकतो. पण त्यासाठी तांबी, गोळी, इंजेक्शन, निरोध की नवऱ्याची शस्त्रक्रिया, हा दुसरा निर्णय तिच्यापुढे येतच नाही. मूल नको म्हणजे ऑपरेशन, असा थेट रस्ता आखून ठेवलेला असतो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बिहारचे आकडे काय सांगतात पाहा. विवाहित स्त्रियांपैकी २३.३ टक्के कुठलंतरी आधुनिक साधन वापरत होत्या. या २३.३ पैकी २०.७ टक्के एकट्या स्त्रीनसबंदीचे होते. बाकी सगळी साधनं मिळून अडीच-तीन टक्क्यांत आटोपली. पुरुष नसबंदीच्या रकान्यात शून्य. एवढ्या सगळ्या बायकांनी सगळे पर्याय पारखून एकच निवडला असं मानायला मी तयार नाही.

टार्गेट गेलं, ईएलए आलं

भारताने १९५२ साली राष्ट्रीय पातळीवर कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा असं करणारा तो पहिला देश होता. त्याही आधी, १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं आणि पुढे या विषयावर लिहिलं म्हणून त्यांना अश्लीलतेच्या खटल्यांत कोर्टाची पायरी चढावी लागली. म्हणजे माहिती देणं हा एका काळी गुन्हा होता. स्वातंत्र्यानंतर तो गुन्हा राहिला नाही, पण सरकारी कार्यक्रमाचा जीव माहितीत नव्हता, आकड्यांत होता.

आणीबाणीत त्याचं टोक गाठलं गेलं. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८३ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या ६२ लाख पुरुषांच्या. उत्तरेकडच्या अत्याचारांच्या गोष्टी आपण सांगतो, पण १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं हे सोयीस्करपणे विसरतो. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही.

त्या वर्षाने दोन गोष्टी मागे ठेवल्या. पुरुषांना हात लावला तर सरकार पडतं, हा धडा राजकारण्यांनी घेतला आणि कार्यक्रमाचा सगळा भार बायकांकडे सरकला. वैद्यकीयदृष्ट्या हे उलटं आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी असते, पोट उघडावं लागत नाही, धोका कमी असतो. तरी २०१९-२१ च्या पाहणीत देशभरात स्त्रीनसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के आहे. दुसरी गोष्ट घटनेतली. ४२ व्या दुरुस्तीने लोकसंख्या नियंत्रण आणि कुटुंब नियोजन हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्यं दोघांच्या अखत्यारीतल्या विषयांत घातला, नोंद २०-अ म्हणून. ही नोंद पुढे अररियाच्या प्रकरणात कशी कामाला आली ते लवकरच येईल.

१९९४ साली कैरोत झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या परिषदेनंतर धोरणाची भाषा बदलली. एप्रिल १९९६ पासून केंद्राने गर्भनिरोधाची टार्गेटं रद्द केली. २००० सालच्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणाने स्वेच्छा आणि माहितीपूर्ण निवड या तत्त्वांचा स्पष्ट उच्चार केला. कागदावर बघितलं तर धोरण चांगलं आहे, आजही आहे. जिल्ह्याला मात्र ‘ईएलए’ म्हणजे अपेक्षित साध्य पातळी येऊ लागली. ती पातळी जिल्ह्यातून गटाला, गटातून उपकेंद्राला वाटली गेली आणि शेवटी नर्सबाईच्या वहीत ‘मार्चअखेर एवढ्या केसेस’ म्हणून उतरली. उत्तर भारतात या शस्त्रक्रियांचा मोसम हिवाळ्याचा असतो आणि आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपतं. जानेवारीतल्या एका रात्री घाईघाईने ५३ केसेस का झाल्या, याचं कुणाकडे लेखी उत्तर नसेल. पण कॅलेंडर डोळ्यांसमोर ठेवलं तर फार आश्चर्य वाटत नाही.

हजार रुपयांची विभागणी

मला या प्रकरणातला सगळ्यात बोलका कागद निकालपत्र वाटत नाही. तो आहे मोबदल्याचा तक्ता. २००७ साली केंद्राने ठरवलेल्या दरांनुसार बिहारसारख्या राज्यांत सरकारी दवाखान्यातल्या प्रत्येक स्त्रीनसबंदीमागे १,००० रुपये मिळत. त्यातले बाईला ६००, तिला घेऊन येणाऱ्या प्रेरकाला १५०, औषधं-ड्रेसिंगला १००, सर्जनला ७५, भूलतज्ज्ञाला २५, नर्सला १५, शस्त्रक्रियागृहातल्या तंत्रज्ञाला १५, अल्पोपाहाराला १० आणि शिबिराच्या व्यवस्थापनाला १०. बेरीज बरोबर हजार.

यात समजावून सांगणाऱ्याचा रकाना नाही. चहा-बिस्किटांचा आहे.

प्रेरकाला दीडशे मिळत ते बाई आली तर. तिने सगळं ऐकून ‘मी आधी तांबी बसवून बघते’ म्हटलं तर या दीडशेवर पाणी. सर्जनचे पंच्याहत्तर दर केसमागे, म्हणजे जितकी घाई तितकी कमाई. आशाताईला पगार नसतो, तिचं उत्पन्न मुख्यतः अशा छोट्या मोबदल्यांतून उभं राहतं. तेव्हा तिला ‘दलाल’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. तिच्यासमोर जो हिशेब ठेवला त्याप्रमाणे ती वागते. ज्यांनी तो हिशेब मांडला त्यांनी बोलण्याची किंमत शून्य धरली होती.

पुरुष नसबंदीला १,५०० रुपये होते, त्यातले ११०० पुरुषाला. पैसे जास्त असूनही पुरुष आले नाहीत. त्यांच्याशीही कुणी बोलत नव्हतं, आणि ‘मर्दानगी जाते’ हा गैरसमज पैशाने जात नाही.

आधीचा निकाल आणि मधला अपघात

अररियाच्या वेळी नियम नव्हते असं नाही. रमाकांत राय विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १ मार्च २००५ रोजीच देशभर लागू होतील असे आदेश दिले होते: मान्यताप्राप्त डॉक्टरांची यादी, शस्त्रक्रियेआधीची तपासणीसूची, संमतीपत्राचा एकसारखा नमुना, गुणवत्ता हमी समित्या, मृत्यू किंवा गुंतागुंत झाल्यास भरपाई. त्यानंतर केंद्राने मानकं छापली. शिबिर फक्त आरोग्य केंद्रातच घ्यायचं, शाळेत नाही, हेही त्यांत होतं. कपरफोराची शाळा या सगळ्या कागदांच्या पाच-सहा वर्षांनंतरची आहे.

याचिका प्रलंबित असतानाच ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात, सकरी इथल्या एका बंद पडलेल्या खासगी रुग्णालयात शिबिर झालं. ८३ बायका, पुन्हा एकच सर्जन, काही तासांत सगळं आटोपलं. मानकांप्रमाणे एका दिवसाची मर्यादा ३० होती. त्या दोन-तीन दिवसांत परिसरात झालेल्या शिबिरांनंतर १३ बायका दगावल्या. नंतर औषधांत भेसळ होती का, जंतुसंसर्ग होता का, यावर बराच वाद रंगला. त्या सर्जनचा त्याच वर्षी प्रजासत्ताक दिनी ५० हजार शस्त्रक्रियांचा विक्रम केल्याबद्दल सरकारी सत्कार झाला होता. सत्कार कशाचा होतो यावरून खात्याला काय हवंय ते कळतं; त्यासाठी चौकशी आयोग लागत नाही.

बिलासपूरमुळे न्यायालयासमोरचा प्रश्न एका शाळेपुरता राहिला नाही. २०१० ते २०१३ या काळात नसबंदीच्या वेळी किंवा नंतर ३६३ मृत्यू झाल्याचा आकडा निकालपत्रात आला आहे.

न्यायालयाने काय म्हटलं

केंद्राचा एक बचाव ओळखीचा होता: सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय, आम्ही फक्त पैसे आणि मार्गदर्शक सूचना देतो. इथे ती नोंद २०-अ पुढे आली. कुटुंब नियोजन समवर्ती सूचीत आहे, कार्यक्रम केंद्राने आखलेला आहे, तेव्हा राज्यांकडे बोट दाखवून केंद्राला सुटता येणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. आणीबाणीत लोकसंख्येवर दिल्लीची पकड बसावी म्हणून आलेली तरतूद चाळीस वर्षांनी दिल्लीला जबाबदार धरायला उपयोगी पडली. घटनेच्या इतिहासात असे गमतीदार प्रसंग फार नसतील.

घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात आरोग्याचा हक्क आणि प्रजननविषयक हक्क दोन्ही येतात, आणि नसबंदी करायची की नाही हा निर्णय माहितीवर आधारलेला आणि दबावाशिवाय घेतलेला असला पाहिजे, असं निकाल सांगतो. अनौपचारिक टार्गेटं आणि पैशांचं आमिष यांमुळे गरीब बाईची निवड खरी निवड उरत नाही, याचीही दखल त्यात आहे.

निर्देशांची यादी लांब आहे, सगळी देत बसत नाही. शिबिरं तीन वर्षांत बंद व्हावीत यासाठी केंद्राने राज्यांना राजी करावं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं सक्षम करावीत. डॉक्टरांच्या याद्या आणि गुणवत्ता हमी समित्यांचे अहवाल संकेतस्थळांवर टाकावेत. भरपाई भरीव वाढवावी. पुढे ती वाढलीही, मृत्यूसाठी दोन लाखांची चार लाख झाली. पण मला महत्त्वाचा वाटतो तो यांतला एक छोटा निर्देश. तपासणीसूचीतला मजकूर बाईला तिला कळणाऱ्या भाषेत समजावून सांगायचा, समजावणाऱ्या प्रशिक्षित समुपदेशकाची त्यावर सही घ्यायची, आणि त्यानंतर तिला विचार करायला साधारण तासभर मोकळा वेळ द्यायचा, म्हणजे मन बदलायचं असेल तर तिला बदलता येईल.

कपरफोरात सबंध शिबिराला दोन तास होते. न्यायालय म्हणतं, एकेका बाईला नुसता विचार करायला एक तास द्या. हा निर्देश कुणी खरोखर पाळला तर घाऊक शिबिर आपोआप अशक्य होतं, त्यासाठी वेगळ्या बंदीची गरजही उरत नाही. उलट शिबिरावर बंदी घातली आणि हा तास दिला नाही, तर तीच घाई दवाखान्यात शिरते.

टार्गेटांच्या बाबतीत मात्र निकाल कचरला असं माझं मत आहे. टार्गेटं ठरवली जाऊ नयेत हे राज्यांच्या सद्सद्विवेकावर सोडलं गेलं. ज्या यंत्रणेने २००५ चे आदेश शाळेच्या बाकांवर आणून ठेवले, तिच्या विवेकावर एवढा भरवसा कशासाठी?

त्यानंतर

२०१७ मध्ये सरकारी दवाखान्यांत दोन नवी साधनं मोफत मिळू लागली: ‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन आणि ‘छाया’ ही आठवड्याची बिनहार्मोनची गोळी. ‘छाया’तलं औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं. पर्याय वाढले ही चांगली गोष्ट आहे. पण अंतरासारख्या इंजेक्शनने पाळी अनियमित होते, कधी बंदच होते. हे आधी सांगितलं नाही तर बाई घाबरते, दुसऱ्या डोसला येत नाही आणि गावभर ‘त्या सुईने आजार होतो’ असं पसरतं. थोडक्यात, जितके पर्याय जास्त, तितकं बोलण्याचं काम जास्त. २०१९-२१ च्या पाहणीत इंजेक्शन वापरणाऱ्या स्त्रिया ०.६ टक्के होत्या.

माहितीच्या बाबतीत सुधारणा झाली हे आकडे सांगतात. आपण वापरतो त्या साधनाचे दुष्परिणाम सांगितले गेले, असं म्हणणाऱ्या स्त्रिया २०१५-१६ मध्ये ४६.६ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये ६२.४ टक्के. मात्र जी काहीच वापरत नाही तिच्याशी आरोग्य कर्मचारी कुटुंब नियोजनाबद्दल कधी बोलला का, याचं उत्तर ‘हो’ फक्त २३.९ टक्क्यांचं आहे. म्हणजे निर्णयाच्या आधी, जेव्हा माहिती खरी उपयोगाची असते, तेव्हा चारातल्या तिघींपर्यंत कुणी पोचलेलं नाही.

आणि शिबिरं? २५ ऑगस्ट २०२२ रोजी तेलंगणात, रंगारेड्डी जिल्ह्यातल्या इब्राहिमपट्टणमच्या सरकारी रुग्णालयात एका दिवसात ३४ बायकांवर दुर्बिणीतून नसबंदी झाली. चार जणी दगावल्या. इथे शाळा नव्हती, टॉर्च नव्हता, नियमातलं रुग्णालय होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात बिहारच्या खगडिया जिल्ह्यात, अलौलीच्या आरोग्य केंद्रात सुमारे दोन डझन बायकांनी भूल न देताच आमच्यावर शस्त्रक्रिया झाली अशी तक्रार केली. तिथलं कामही एका खासगी संस्थेकडे होतं.

ज्यांना आपल्या जिल्ह्यात काय चाललंय ते तपासायचं आहे त्यांच्यासाठी वाट सरळ आहे. जिल्हा गुणवत्ता हमी समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, त्यामुळे उत्तर द्यायला कुणी नाही असं होत नाही. माहितीच्या अधिकारात समितीचा वार्षिक अहवाल आणि मृत्यूंची पडताळणी मागता येते. मी त्यात आणखी दोन गोष्टी मागेन: एका दिवसात एका सर्जनने केलेल्या शस्त्रक्रियांची तारीखवार संख्या, आणि नावं झाकून तपासणीसूचीच्या प्रती, ज्यांवर समुपदेशकाची सही कधीची आणि कुणाची हे दिसेल. सगळ्या सह्या एकाच हाताच्या, एकाच शाईच्या, शस्त्रक्रियेच्याच तारखेच्या निघाल्या, तर पुढचा प्रश्न कुणाला विचारायचा ते ठरलेलं आहे.